बेचिराग: जऊळक्याजवळचं एक देऊळ आणि त्याचं उठून गेलेलं गाव

(ऐकायला वेळ नसेल त्यांच्यासाठी या एपिसोडचा लिखित मजकूर. बोलताना झालेले अडखळे काढलेत, बाकी जसंच्या तसं.)

आजचा एपिसोड एका अ‍ॅपमुळे सुरू झाला.

माझे मामा जऊळक्याला राहतात. वाशिम जिल्हा, मालेगाव तालुका. अकोल्याहून पूर्णेकडे जाणाऱ्या रेल्वेत बसलात की वाशिमच्या आधी हे स्टेशन लागतं. गेल्या पावसाळ्यात मी तिकडे गेलो होतो. मामा म्हणाले, "ते पीक पाहनीचं अ‍ॅप तेवढं भरून दे बाप्पा, मले ते गाव सापडून नाही राह्यलं त्यात."

ई-पीक पाहणी तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी आईवडिलांसाठी भरली असेल. जिल्हा निवडा, तालुका निवडा, गाव निवडा. मी गाव निवडलं, जऊळका. खाते क्रमांक टाकला, तर वावर काही दिसेना. मामा हसले. "आपलं ते वावर जऊळक्यात नाही गा. रिठात हाय."

मग यादी खाली सरकवली आणि खरंच एक गाव सापडलं. ते नाव मी आयुष्यात कधी ऐकलं नव्हतं. त्या गावाला महसुली नोंद आहे, नकाशा आहे, गट नंबर आहेत, सातबारे आहेत. फक्त माणूस नाही. एकही घर नाही. मामा म्हणाले, "गाव नाही, पन देऊळ हाय. चाल, दाखवतो."

त्या गावाचं नाव मी या एपिसोडमध्ये घेणार नाही. का, ते शेवटी सांगतो.

रिठ म्हणजे काय?

आपल्या वऱ्हाडात उठून गेलेल्या गावाच्या जागेला रिठ म्हणतात. कागदावर आणखी एक शब्द सापडतो: बेचिराग. काही जण 'बेचिराख' म्हणतात आणि त्यांना वाटतं गाव जळून राख झालं. पण मूळ फारसी शब्द आहे 'बे-चिराग'. चिराग म्हणजे दिवा. ज्या गावात संध्याकाळी दिवा लागत नाही, ते बेचिराग. सरकारी दफ्तरातला शब्द आहे, पण मी पहिल्यांदा अर्थ वाचला तेव्हा दोन मिनिटं गप्प बसलो होतो.

आणि हे एकदोन गावांचं प्रकरण नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ४३ हजारांहून जास्त महसुली गावं आहेत. त्यातल्या अडीच हजारांहून जास्त गावांत कुणीही राहत नाही. काही धरणाखाली गेली, काही जंगलात आहेत, आणि बरीचशी अशी रिठं आहेत.

वावरातलं देऊळ

पांदणीतून अर्धा तास चालत गेलो. दोन्ही बाजूंना सोयाबीन, मध्ये तुरीच्या ओळी. मग एका ठिकाणी काळी जमीन संपली आणि राखेच्या रंगाचा उंचवटा सुरू झाला. त्यावर चिंचेचं जुनं झाड, खाली बुजलेली विहीर, आणि जिथं पाऊल टाकावं तिथं खापराचे तुकडे. अर्धं फुटलेलं एक जातं उलटं पडलं होतं.

जुन्या लोकांकडे यासाठी दोन शब्द आहेत: काळी आणि पांढरी. काळी म्हणजे कसायची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. पांढरी नुसती नावाला पांढरी नसते. शेकडो वर्षं लोक मातीच्या भिंती बांधतात, त्या पावसात विरघळतात, त्यावर पुन्हा घर उभं राहतं. चुलीची राख, शेण, कोंडा, हाडं, खापरं सगळं त्याच मातीत मिसळतं. माती फिकी होत जाते आणि जमीन उंच होत जाते. म्हणजे तो उंचवटा हेच गाव होतं. आम्ही घरांवरच उभे होतो.

आणि उंचवट्याच्या टोकाला देऊळ. काळ्या दगडाचं, फार मोठं नाही. चार खांबांचा मंडप, त्यातले दोन खांब कललेले. शिखर नाही. दोन पायऱ्या उतरून गाभारा, आत महादेवाची पिंड. मंडपाच्या छताकडे बघितलं तर मधोमध दगडात कोरलेलं कमळ. बाहेर भिंतीचे दगड अर्धे घसरलेले, त्यांच्या फटींतून पिंपळ आलेला.

मी विचारलं, "मामा, हे कोणी बांधलं?"

"हेमाडपंतानं. एका रातीत."

हेमाडपंत आणि एक रात्र

ही एका रात्रीची गोष्ट महाराष्ट्रात तुम्ही कुठेही गेलात तरी ऐकायला मिळते. हेमाडपंत म्हणजे हेमाद्री पंडित. देवगिरीच्या यादवांकडे, राजा महादेव (१२६१ ते १२७१) आणि त्यानंतर रामचंद्र (१२७१ ते १३११) यांच्या काळात तो मोठा अधिकारी होता. माणूस खरा, कर्तबगारही. पण 'हेमाडपंती' म्हणतो ती सगळी देवळं त्याची नाहीत. अंबरनाथचं शिवमंदिर घ्या. त्यावरचा शिलालेख शके ९८२ चा आहे, म्हणजे इसवी सन १०६०. हेमाद्रीच्या दोनशे वर्षं आधी, आणि ते शिलाहारांच्या काळातलं. म्हणजे 'हेमाडपंती' हे बांधणाऱ्याचं नाव नसून लोकांनी एका पद्धतीला दिलेलं नाव आहे.

पद्धत काय? चुना नाही, सिमेंटचा तर प्रश्नच नाही. दगड असा तासायचा की एकाचा उंचवटा दुसऱ्याच्या खाचेत बसेल. बाकी काम वजन करतं. छताची युक्ती तर बघण्यासारखी आहे. चौकोनी जागेच्या चार कोपऱ्यांवर चार तिरके दगड ठेवायचे, की आत छोटा चौकोन उरतो. त्यावर पुन्हा चार तिरके, आणखी छोटा चौकोन. शेवटी एवढीशी जागा राहते की एक दगड पुरतो. त्याच दगडावर ते कमळ.

हे लक्षात ठेवा: सगळा डोलारा फक्त तोलावर उभा आहे. पुढे याची गरज लागणार आहे.

आपला भाग अशा देवळांनी भरलेला आहे. लोणारचं दैत्यसूदन तर सगळ्यांनी पाहिलंय. जऊळका ज्या तालुक्यात आहे त्याच तालुक्यात शिरपूरला पवळीचं जैन मंदिर आहे. तिकडे बार्शीटाकळी, मेहकर, सातगाव. हेन्री कझिन्स नावाच्या पुरातत्त्व अधिकाऱ्यानं १८९७ मध्ये मध्य प्रांत आणि वऱ्हाडातल्या जुन्या अवशेषांची यादी छापली आणि १९३१ मध्ये दख्खनच्या मध्ययुगीन देवळांवर जाडजूड पुस्तक काढलं. आजही अभ्यासक तिथूनच सुरुवात करतात. पण वावरातली अशी छोटी देवळं कुठल्याच मोठ्या पुस्तकात सहसा सापडत नाहीत.

शेतकऱ्यांच्या गावात दगडाचं देऊळ कशाला?

मला हा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो. लोक मातीच्या घरात राहायचे, मग देवाला एवढा दगड का?

एक तर देऊळ फक्त पूजेची जागा नव्हती. महानुभावांचं लीळाचरित्र तेराव्या शतकातलं. त्यात चक्रधर स्वामी गावोगाव फिरताना मुक्काम कुठे करतात? बहुतेक वेळा देवळात. पुढे महानुभावांनी 'स्थानपोथी' तयार केली. स्वामी कुठल्या गावात, कुठल्या देवळात, कुठल्या बाजूला बसले याची ती नोंदच आहे. आजच्या भाषेत लोकेशन पिन. त्यातून कळतं की देऊळ म्हणजे वाटसरूची धर्मशाळा, गावाचा पार, निवाड्याची जागा, सगळं काही होतं.

दुसरं म्हणजे देवळाचा दिवा फुकट जळत नव्हता. चाळीसगावजवळ पाटण आहे, पाटणादेवीचं. तिथं शके ११२८ चा, म्हणजे १२०६ च्या सुमाराचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं तिथं मठ काढला, त्याला दिलेल्या दानाचा. त्यातला काही भाग जुन्या मराठीत आहे. बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावर काय द्यायचं आणि तेलाच्या घाण्यामागे किती तेल द्यायचं, असला हिशेब त्यात आहे. राजाचं मोठं दान असतंच, पण तेल तेल्याच्या घाण्यातून यायचं, आणि तेलबिया काळीतून.

म्हणजे काळीत पिकलं तर पांढरीत दिवा. दिवा लागणं हा गावाच्या तब्येतीचा पुरावा होता, आणि म्हणूनच 'बेचिराग' हा शब्द इतका अचूक आहे.

मग गाव गेलं कुठे?

मामांना विचारलं. मामांकडे उत्तर तयार होतं. "मरी आली. एका रातीत गाव खाली झालं."

पुन्हा एक रात्र! देऊळ एका रात्रीत उभं राहिलं आणि गाव एका रात्रीत उठलं. शेजारच्या वावरातल्या म्हाताऱ्या आजींची गोष्ट वेगळी. त्यांच्या मते कुणा बाईचा शाप होता.

इथे जरा लांब जाऊया, इंग्लंडला. यॉर्कशायरमध्ये व्हॅरम पर्सी नावाची जागा आहे. हिरवं कुरण, आणि मधोमध बिनछपराचं एक मध्ययुगीन चर्च. आजूबाजूला एकही घर नाही. तिथेही अशीच समजूत होती की १३४८ च्या महाभयंकर प्लेगनं गाव संपवलं. मॉरिस बेरेसफर्ड आणि जॉन हर्स्ट या दोघांच्या पुढाकारानं तिथं १९५० पासून १९९० पर्यंत, सलग चाळीस वर्षं, दर उन्हाळ्यात उत्खनन झालं. निघालं काय? प्लेग येऊन गेला, पण गाव टिकलं होतं. ते रिकामं झालं त्यानंतर दीडशे वर्षांनी, १५०० च्या आसपास. कारण लोकर महाग झाली होती. जमीनदाराला माणसांपेक्षा मेंढ्या परवडत होत्या. शेवटच्या कुटुंबांना त्यानं उठवलं आणि कुरण केलं. चर्च मात्र राहिलं, कारण शेजारच्या गावचे लोक तिथे येत राहिले. तिथली शेवटची नियमित प्रार्थना १९४९ साली झाली. गाव गेल्यावर साडेचारशे वर्षांनी!

मरी, शाप, प्लेग ही कारणं सांगायला सोपी असतात, कारण त्यात कुणाचाच दोष नसतो.

आता वऱ्हाडाकडे बघा. १२९६ मध्ये अलाउद्दीन खिलजी एलिचपूरवरून, म्हणजे आजच्या अचलपूरवरून, देवगिरीवर गेला. १३९६ पासून पुढची काही वर्षं दुर्गादेवीचा दुष्काळ. १६३० ते ३२ चा दख्खनचा दुष्काळ. नंतर निजाम आणि नागपूरकर भोसले यांची दोअंमली: एकच गाव, एकच पीक आणि वसूल करायला दोन सरकारं. १८०३ मध्ये इंग्रज आणि मराठ्यांचं युद्ध थेट आपल्या दारात, आडगाव आणि गाविलगडला. त्याच सुमारास मोठा दुष्काळ आणि पेंढारी. त्यानंतर निजामानं वऱ्हाडची वसुली सावकारांना मक्त्यानं दिली. पूरणमल, पेस्तनजी ही नावं इंग्रजी कागदांत पुन्हापुन्हा येतात. मक्तेदाराला गाव पुढच्या वर्षी जगतं की मरतं याच्याशी देणंघेणं नसतं. त्याला या वर्षीचा पैसा काढायचा असतो.

मग रयत काय करायची? उठून जायची. जुन्या कागदांत शब्द आहे 'परागंदा'. आपल्याला वाटतं शेतकरी बिचारा जमिनीला बांधलेला. पण त्या काळात जमीन भरपूर आणि माणसं कमी होती. माणूस हीच संपत्ती. म्हणून राज्यकर्ते पाटलाला 'कौल' द्यायचे: लोकांना परत आण, पहिल्या वर्षी नावापुरता सारा घेऊ, पुढे दरवर्षी थोडा थोडा वाढवू. याला इस्तावा म्हणायचे. शेजारच्या परगण्यात चांगला कौल मिळाला की अख्खी कुटुंबं बैलगाडीत जातं, पाटा, बियाणं टाकून निघायची.

म्हणजे गाव सोडणं ही नुसती हार नव्हती. दमल्यावर रयतेनं वापरलेलं ते शेवटचं हत्यारही होतं. रातोरात जायचे ते वसुलीवाल्याला कळू नये म्हणून. मामांच्या गोष्टीतली रात्र कदाचित ही असेल, मरीची नसेल.

आपल्या रिठाचं नेमकं कारण यातलं कुठलं, हे एका खापरावरून सांगता येत नाही. त्यासाठी खणावं लागेल, शास्त्रशुद्ध.

नाव कसं वाचलं?

१८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात आलं. १८६० च्या दशकात जमिनीची मोजणी सुरू झाली, मुंबई इलाख्याच्या पद्धतीनं. प्रत्येक वावराला सर्व्हे नंबर. मोजणीदार रिठात पोचला तेव्हा तिथं माणूस नव्हता, पण शिवार होतं आणि शिवाराला नाव होतं. शेजारच्या गावचे लोक ते कसत होते. त्यानं नाव तसंच लिहून घेतलं. त्याच दशकात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस थांबला आणि वऱ्हाडी कापसाला सोन्याचा भाव आला. पडीक काळी पुन्हा नांगराखाली आली. काळी परत जिवंत झाली, पांढरी नाही. लोक जवळच्या मोठ्या गावात राहून इथं वावर करायला येऊ लागले.

आणि ते नाव वहीतून संगणकात, संगणकातून माझ्या मोबाइलच्या यादीत आलं. बांधणारे गेले, पळवणारे गेले, मोजणारेही गेले. नाव सातबाऱ्यावर टिकलं.

गाभाऱ्यातला खड्डा

आता नाव का सांगत नाही ते.

गाभाऱ्यात वाकून बघितलं तेव्हा पिंड जागेवरून सरकलेली होती. तिच्या खाली कमरेइतका खोल खड्डा. बाजूला लिंबं, कुंकू, जळालेल्या अगरबत्त्या. मामा म्हणाले, मागच्या अमावास्येला कुणीतरी येऊन गेलं. गुप्तधन शोधायला.

मंडळी, त्या पिंडीखाली सोनं नसतं. त्या गावाची संपत्ती म्हणजे जातं, पाटा आणि बियाणं, आणि ते लोक बरोबर घेऊन गेले. पण देऊळ तोलावर उभं आहे हे आठवतंय ना? तळाशी खड्डा केला की वरचा भार सरकतो. ते दोन कललेले खांब कशामुळे कललेत, ते मी मामांना विचारलं नाही. दिसतच होतं.

कायदा काय म्हणतो तेही सांगून ठेवतो. जमिनीत दडलेलं दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, हा १८७८ चा कायदा आजही आहे. आणि गुप्तधनासाठी अघोरी प्रकार करणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे.

पण खरी अडचण मला पुढे कळली. परत येताना मामा म्हणाले, "एक जन पांढरीची माती मांगून राह्यला. ट्रॉलीमागे पैसे देतो म्हनते. टेकाड सपाट झालं तं पाऊन एकर वावर वाढते."

मी एकदम चिडलो. इतिहास, वारसा वगैरे सगळं बोललो. मामांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तू वर्षातून एकदा येतं. सोयाबीनचा भाव मले मिळते, तुले नाही. त्या दगडाले सरकार पाह्यते का? तूच सांग."

मला उत्तर देता आलं नाही. कारण मामा खोटं बोलत नव्हते. लोणारचं देऊळ केंद्राच्या संरक्षित यादीत आहे, तिथं पाटी आहे, पहारेकरी आहे. वावरातल्या देवळाला पहारेकरी एकच, ज्याच्या नावावर सातबारा आहे तो. आणि त्याच्याकडे कर्ज आहे, मुलीचं लग्न आहे, पाऊस आहे.

त्या रात्री आम्ही फार बोललो नाही. सकाळी मी त्यांना मोबाइलवर व्हॅरम पर्सीचे फोटो दाखवले. ते बराच वेळ बघत राहिले. एवढंच म्हणाले, "त्यायच्या इथं बी असंच हाय म्हना."

मग आम्ही दोघांनी परत जाऊन खड्डा मातीनं भरला आणि दगडांनी दाबला. मी सगळ्या बाजूंनी फोटो काढले, मापासाठी शेजारी वीत ठेवून. राज्य पुरातत्त्व विभागाला अर्ज लिहिला, मामांची सही घेतली. अजून उत्तर आलेलं नाही. टेकाडाचा एक कोपरा मामांनी विकला, दोन ट्रॉल्या. बाकीचं तसंच ठेवलंय. किती दिवस, ते मी सांगू शकत नाही आणि त्यांना विचारतही नाही.

तुम्ही काय करू शकता

तुमच्या तालुक्याच्या गावांच्या यादीत एकदा नीट बघा. कुणी राहत नाही असं एखादं नाव सापडेल. आजोबांना विचारा, त्यांना वाट माहीत असेल. गेलात तर खापर उचलू नका, दगड हलवू नका, देवळाला ऑइलपेंट तर अजिबात देऊ नका. फोटो काढा, पण लोकेशनसकट रील टाकू नका. रील लाखभर लोक बघतील, त्यातला एक कुदळ घेऊन येईल. आणि सगळ्यात आधी ज्याचं वावर आहे त्याच्याशी बोला. त्याला ओरडू नका. मी ओरडलो होतो, उपयोग झाला नाही.

एक राहिलंच. निघताना मामांनी खिशातून काडेपेटी काढली. देवळीत एक पणती होती, तेल होतं, वात होती. मला वाटलं माझ्यासाठी लावतायत. विचारलं तर म्हणाले, पेरणीच्या आधी आणि पोळ्याला त्यांचे वडील लावायचे, वडिलांचे वडील लावायचे. आम्ही तर त्या गावचे नाही, मग का? मामांना प्रश्नच कळला नाही. "वावर त्यायचं होतं नं गा आधी," एवढं बोलून ते वाटेला लागले.

सरकारी कागदावर ते गाव आजही बेचिराग आहे.

तुमच्याकडे रिठाला काय म्हणतात, आणि तिथली गोष्ट काय सांगतात, ते मला व्हॉइस नोट करून पाठवा. गावाचं नाव नाही सांगितलं तरी चालेल. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर काळजी घ्या.